किलपेकचं सेंट मेरी आणि सेंट डेव्हिड चर्च: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये राहणारे, तिथे फिरायला जाणारे आणि इथे बसून शिल्पकलेचा अभ्यास करणारे मराठी वाचक या चर्चबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात, त्यांची उत्तरं एकत्र दिली आहेत. एका प्रश्नाचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे तो क्रमांक दिला आहे.

१. हे चर्च आहे तरी कुठे? आणि एवढ्याशा खेड्यातल्या चर्चचं एवढं नाव का?

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगत हेरिफर्डशर नावाची काउंटी आहे. तिथल्या हेरिफर्ड शहरापासून नैऋत्येला साधारण १४ किलोमीटरवर किलपेक हे गाव आहे. गाव म्हणजे काही घरं, आजूबाजूला शेतं. चर्चही छोटं आहे, मनोरा नाही, बाहेरचा आकार अगदी साधा. पण बाराव्या शतकातलं कोरीवकाम ज्या जागेसाठी कोरलं त्याच जागेवर, इतक्या संख्येने आणि इतक्या धारदार अवस्थेत इंग्लंडमधल्या फार थोड्या खेड्यांत उरलं आहे. इतर ठिकाणी एखादी कमान किंवा एखादं दार वाचलेलं असतं. इथे दार, खिडकी, छपराखालची रांग, आतली कमान, दगडी छत असं सगळं एकत्र बघता येतं.

२. रोमनेस्क म्हणजे काय? गॉथिकपासून वेगळं कसं ओळखायचं?

साधारण १००० ते ११५०–१२०० या काळात पश्चिम युरोपात रुळलेली ही बांधणीची शैली. किलपेकचं चर्च याच शैलीतलं. इंग्लंडमध्ये १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी राज्य घेतल्यावर ती फोफावली, म्हणून तिथे तिला सर्रास नॉर्मन म्हणतात. ओळखायची पहिली खूण कमान: रोमनेस्क कमान अर्धगोल, गॉथिक कमान वर टोकदार. दुसरी खूण भिंत. रोमनेस्क भिंत जाड असते, खिडक्या लहान, कारण कमानीचा बाहेरच्या बाजूला पडणारा दाब भिंतीच्या वजनानेच पेलायचा असतो. भिंतीला बाहेरून चिकटलेल्या चपट्या उभ्या पट्ट्या दिसतात. त्या गॉथिक आधारभिंतींसारख्या पुढे आलेल्या नसतात आणि त्यांचा आधारही बेताचाच असतो. तिसरी खूण नक्षी: नागमोडी पट्टे, एकात एक गुंतलेल्या वेली, कमानीवर चोच टेकवलेली पक्ष्यांची डोकी.

३. गोव्यातली जुनी चर्चं रोमनेस्क आहेत का? मुंबईतली?

नाहीत. जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस १५९४ ते १६०५ या काळातलं, म्हणजे किलपेकनंतर साडेचारशे वर्षांनी बांधलेलं, पोर्तुगीज बरोक वळणाचं. मुंबईचं अफगाण चर्च एकोणिसाव्या शतकातलं आहे, १८५८ मध्ये त्याचा अभिषेक झाला, आणि ते टोकदार कमानींच्या पुनरुज्जीवित गॉथिक शैलीत आहे. भारतात कुठे अर्धगोल कमानीचं चर्च दिसलं तरी ते रोमनेस्क काळातलं नसतं. ते त्या शैलीची नंतर केलेली आठवण असते.

४. ‘साधारण ११४०’ हे साल कुठून आलं? दगडावर तारीख कोरली आहे का?

तारीख कुठेही कोरलेली नाही. दोन बाजूंनी हिशेब केला जातो. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (इंग्लंडच्या राजाने करवून घेतलेली जमिनींची नोंद) किलपेकचा धनी म्हणून विल्यम फिट्झ नॉर्मन हे नाव आहे. त्याचा मुलगा ह्यू याने ११३४ मध्ये इथलं चर्च ग्लॉस्टरच्या सेंट पीटर मठाला दान दिलं. दुसरी बाजू शैलीची. याच जिल्ह्यात उत्तरेला शॉब्डनमध्ये ऑलिव्हर द मर्लिमंड या कारभाऱ्याने चर्च बांधवलं होतं. ते ११३० च्या दशकातलं मानतात, आणि तिथलं कोरीवकाम किलपेकशी अगदी जवळचं आहे. या दोन्हींचा मेळ घालून ११४० च्या आसपासचं साल धरतात. म्हणून ‘११४० साली बांधलं’ असं ठामपणे लिहू नये. ‘साधारण’ हा शब्द ठेवावाच.

५. कारागीर कोण होते? त्यांची नावं कळतात का?

नावं कळत नाहीत. या कारागिरांना आणि त्यांच्या कामाला मिळून ‘हेरिफर्डशर घराणं’ म्हणता येईल. अभ्यासक त्यांना हेरिफर्डशर स्कूल म्हणतात. ऑलिव्हर द मर्लिमंड स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथे यात्रेला जाऊन आला होता, आणि फ्रान्स-स्पेनच्या यात्रामार्गावरच्या चर्चांमध्ये दिसणाऱ्या काही कल्पना या कामात उतरल्या आहेत. किलपेकच्या आतल्या कमानीवर एकावर एक उभे केलेले संत हा त्याचा ठळक नमुना (प्रश्न ६). पण नक्षीतले गुंतलेले सर्प आणि श्वापदं उत्तर युरोपाकडून आलेली (प्रश्न ११). या दोन्ही धाटणी एकाच दगडावर जुळवणं ही या कारागिरांची खरी करामत आहे. केवळ ‘स्पेनची नक्कल’ म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे.

६. आतली रचना कशी आहे? आपल्या देवळाच्या भाषेत सांगता येईल का?

सरळ एका ओळीत तीन खण. पश्चिमेला लोकांनी बसायचा लांबट भाग, तो नेव्ह, ढोबळमानाने सभामंडप. मग त्याहून अरुंद चौकोनी भाग, चॅन्सल, जिथे पुरोहितवर्ग असतो. याला अंतराळाच्या जागी धरा. आणि पूर्वेच्या टोकाला अर्धगोल ॲप्स, जिथे वेदी. गाभाऱ्याची उपमा इथे थांबते, कारण वेदीभोवती प्रदक्षिणा नाही आणि मूर्तीही नाही.

नेव्ह आणि चॅन्सल यांच्यामधल्या कमानीपाशी थांबा. दोन्ही बाजूंच्या खांबांवर तीन-तीन संत एकाच्या डोक्यावर एक असे उभे आहेत. किल्ली हातात घेतलेला सेंट पीटर, बाकीच्यांची ओळख पटवणं अवघड. अंगावरच्या वस्त्राच्या चुण्या जवळजवळ समांतर रेघांसारख्या कोरल्या आहेत. त्या चुण्या लक्षात ठेवून बाहेर या आणि दारावरच्या योद्ध्यांचे कपडे बघा. हात एकाच घराण्याचा असल्याचं तिथल्या तिथे पटतं.

ॲप्सच्या छताला दगडी फासळ्या आहेत, त्यांवर नागमोडी नक्षी, आणि त्या वर जिथे मिळतात तिथे चार श्वापदमुखांचा एक कोरीव दगड आहे. मान वर करून बघितल्याशिवाय तो दिसत नाही आणि बहुतेक लोक तो न बघताच परततात. नेव्हमध्ये पश्चिमेला लाकडी गॅलरी आहे, ती बरीच नंतरची. बाप्तिस्म्याचं दगडी पात्र प्रचंड मोठं आणि जवळजवळ बिननक्षीचं आहे. पोटाभोवती कवटाळणारे दोन हात कोरलेलं, पवित्र पाण्याचं एक छोटं दगडी भांडंही चुकवू नका.

७. दक्षिणेच्या दारावर एवढं कोरलंय की नजर ठरत नाही. कुठून सुरुवात करायची?

मधून सुरू करा. दाराच्या माथ्यावर अर्धगोल फळी आहे, तिला टिम्पॅनम म्हणतात. त्यावर एक झाड किंवा वेल आहे, फळांचे घोस लागलेले. जीवनवृक्ष म्हणा किंवा द्राक्षवेल, दोन्ही वाचनं चालतात. बहुतेक मोठ्या चर्चांच्या दारावर या जागी ख्रिस्त असतो. इथे नाही, हे लक्षात घ्या.

मग त्याभोवतीची कमान. आतल्या वळशात चोचींची आणि श्वापदांची डोकी आहेत, त्यांच्यात एक देवदूतही बसवला आहे. बाहेरच्या वळशात मुखवट्यांनी जोडलेली वर्तुळं, आणि त्या वर्तुळांत पक्षी, मासे, ड्रॅगन.

आता खाली उतरा, दोन्ही बाजूंच्या उभ्या खांबांकडे. आपल्याकडच्या द्वारशाखांचीच ही जागा. बाहेरच्या खांबांवर लांबलचक सर्प एकमेकांत गुंतत वरखाली गेले आहेत. डावीकडच्या आतल्या खांबावर वेलींत अडकलेले दोन योद्धे आहेत: टोकदार टोप्या, अंगाला चिकटलेले, आडव्या रेघांचे कपडे आणि पायात चक्क विजारी. उजवीकडच्या आतल्या खांबावर पानं आणि तळाशी पक्षी. शेवटी उजवीकडचं खांबशीर्ष बघा: तोंडातून वेली फुटणारा चेहरा (प्रश्न ८).

घाई झाली की लोक टिम्पॅनमचा फोटो काढून आत जातात आणि खांब राहतात. कोरीवकामाचा कस खांबांवरच दिसतो.

८. तोंडातून पानं फुटणारा तो चेहरा म्हणजे आपलं कीर्तिमुखच ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. साम्य खरं आहे: दाराशी असलेली जागा, वटारलेले डोळे, तोंडातून बाहेर पडणारी वेल. इंग्लंडमध्ये अशा चेहऱ्याला ग्रीन मॅन म्हणतात. हे नाव विसाव्या शतकात रूढ झालं. पण किलपेकच्या कारागिराने कीर्तिमुख बघितलं होतं किंवा त्याची नक्कल त्याच्यापर्यंत पोचली होती, याचा पुरावा नाही. पानांत गुंतलेले चेहरे रोमन काळापासून युरोपात कोरले जात होते, आणि कीर्तिमुखामागे शिवाची स्वतंत्र कथा आहे. म्हणून साम्य बघावं, त्यावर आनंद घ्यावा, पण ‘भारतातून गेलं’ असं लिहू नये.

९. छपराखाली जी डोकी आहेत ती कशासाठी? किती आहेत?

ती कॉर्बेल. वळचणीखाली भिंतीतून बाहेर काढलेले दगडी टेकू, ज्यांच्यावर छपराच्या कडेची दगडी पट्टी टेकते. दगडाचा मागचा भाग भिंतीत गाडलेला असतो आणि वरच्या बांधकामाच्या वजनाने दाबून धरलेला असतो. पुढचा भाग कोरायला मोकळा. म्हणजे ही नुसती शोभा नाही, काम करणारा दगड आहे.

आज ८५ कॉर्बेल उरले आहेत. १८४२ मध्ये जी. आर. लुइस यांनी केलेल्या चित्रनोंदीत यापेक्षा सहा जास्त होते. विषयांचा काही धरबंध नाही: मेंढा, डुक्कर, तंतुवाद्य वाजवणारा माणूस, क्रूस घेतलेलं कोकरू, माणसं गिळणारी श्वापदं. एका दगडावर कुत्रा आणि ससा शेजारीशेजारी आहेत. कुत्र्याचे कान लोंबते, सशाचे उभे, दोघांचे डोळे गोल आणि दोघंही इतके निरागस दिसतात की एक दुसऱ्याची शिकार आहे हे विसरायला होतं.

‘या ८५ मागची एक कथा सांगा’ असंही विचारतात. अशी कथा लावायचे प्रयत्न झाले आहेत, पण क्रमाने वाचता येईल असा सलग अर्थ लागत नाही. आमच्या मते तो शोधण्यापेक्षा एकेका दगडापाशी दोन मिनिटं थांबणं जास्त फळतं.

१०. त्या रांगेत एक उघडंनागडं स्त्रीशिल्प आहे. चर्चवर हे कसं चाललं?

ती शीला-ना-गिग. ॲप्सच्या बाजूच्या रांगेत, मोठं डोकं, बारीक शरीर, दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी. अशी शिल्पं आयर्लंड आणि ब्रिटनमध्ये बऱ्याच चर्चांवर आणि किल्ल्यांवर आहेत. अर्थ तीन सांगतात: वासनेविरुद्धचा इशारा, दृष्ट लागू नये म्हणून बसवलेली राखणदार, किंवा सुफलनाची जुनी देवता. तिसरा अर्थ लोकप्रिय आहे पण पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यात कमजोर, कारण मधल्या शेकडो वर्षांच्या पूजेची साखळी दाखवता येत नाही. रोमनेस्क चर्चांवर कंजूष, दारुडे, कामातुर अशी पापांची चित्रं सर्रास कोरलेली असत, त्यामुळे पहिला अर्थ जागेला जुळतो. आपल्या देवळांच्या बाह्यांगावर मिथुनशिल्पं बघितलेल्या माणसाला धक्का कमी बसतो, पण त्या दोन्हींचा हेतू एकच असं धरू नका.

११. पश्चिमेकडच्या भिंतीतून ड्रॅगनची मुंडकी बाहेर आली आहेत. हे व्हायकिंग काम आहे का?

व्हायकिंग लोकांनी केलेलं नाही. काळ त्यांच्या नंतरचा आहे. पण उघडा जबडा आणि आत वळलेली जीभ ही घडण स्कँडिनेव्हियातल्या लाकडी कामाची आठवण देते, आणि ती धाटणी त्या काळापर्यंत इंग्लंडच्या कलेत मुरलेली होती. याच भिंतीवरची खिडकीही बघा. तिच्या खांबशीर्षांवर पुन्हा पानं फुटणारे चेहरे आहेत.

१२. ९०० वर्षं होत आली तरी रेघा इतक्या ताज्या कशा? पुन्हा कोरल्या आहेत का?

पुन्हा कोरलेल्या नाहीत. पहिलं कारण दगड. हा तिथला लालसर वालुकाश्म, ‘ओल्ड रेड सँडस्टोन’. त्यातही दर्जा वरखाली असतो, आणि इथे निवडलेला दगड बारीक कणांचा, घट्ट निघाला. दुसरं कारण मांडणी: कॉर्बेल वळचणीच्या आडोशाला आहेत, पावसाचा मारा थेट बसत नाही. तिसरं कारण गावाचं छोटेपण. नंतरच्या काळात पैसा आला असता तर जुनं पाडून मोठं चर्च बांधलं गेलं असतं.

उलटं उदाहरण शॉब्डनचं. तिथलं जुनं चर्च १७५० च्या दशकात पाडलं आणि कोरीव कमानी उचलून बागेची शोभा म्हणून टेकडीवर उघड्यावर उभ्या केल्या. त्याच घराण्याचं ते कोरीवकाम आता इतकं झिजलंय की आकृत्या अंदाजाने ओळखाव्या लागतात. छप्पर गेलं की कोरीवकाम किती भराभर जातं हे बघायचं असेल तर दोन्ही ठिकाणं एकाच दिवशी बघा.

१३. मग सगळं बाराव्या शतकातलंच का? काहीजण याला सॅक्सन म्हणतात, ते का?

नेव्हच्या ईशान्य कोपऱ्यात वेगळ्या धाटणीचं जुनं बांधकाम आहे. ते नॉर्मन लोक येण्याआधीच्या, म्हणजे सॅक्सन काळातल्या चर्चचा अवशेष मानतात, म्हणून तो गोंधळ. एका कोपऱ्यावरून अख्ख्या इमारतीला सॅक्सन म्हणता येत नाही.

नंतरच्या भरीही आहेत. टोकदार माथ्याच्या खिडक्या मागाहून घातलेल्या. पश्चिम टोकावरची घंटेची छोटी कमान आणि आतलं लाकडी सामान नंतरचं. लुइस कॉटिंगहॅम या वास्तुविशारदाने १८४० च्या दशकात मोठी डागडुजी केली. त्या काळी चर्चं ‘सुधारण्याच्या’ नावाखाली खरवडून काढत, ते इथे बेताने झालं हे नशीब.

१४. अशा दगडी भिंतीच्या भेगा सिमेंटने का भरत नाहीत? आमच्या गावच्या जुन्या वाड्याला सर्रास भरतात.

तेच चुकतं, आणि कारण दोन्हीकडे एकच. वालुकाश्म पाणी शोषतो आणि सोडतो. चुन्याची दर्ज, म्हणजे दोन दगडांमधल्या सांध्यातली भर, दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे ओल दर्जेतून बाहेर पडते. झिजायचं तर दर्ज झिजते, दगड टिकतो. सिमेंट घट्ट असतं. मग ओल दगडाच्या तोंडातून बाहेर पडते, क्षार तिथेच साठतात, थंडीत पाणी गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. काही वर्षांनी सिमेंटची जाळी पुढे आलेली आणि दगड आत गेलेला दिसतो.

रीत अशी: सैल झालेली दर्ज हातोडी-छिन्नीने, ग्राइंडर न लावता, तिच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल काढायची. धूळ झटकून फट भिजवायची. साधारण एक भाग चुना, तीन भाग चाळलेली जाडीभरडी वाळू असं मिश्रण दाबून भरायचं. नंतर काही दिवस ओलं गोणपाट लावून ठेवायचं, कारण चुना लगेच वाळला तर भुसभुशीत होतो. पारा ५ अंशांच्या खाली जाणार असेल तर काम काढायचंच नाही. दगडाला पाणी न लागू देणारी रसायनं फासणं आणि वाळूचा फवारा मारून दगड घासणं, दोन्ही टाळायचं.

किलपेक पहिल्या श्रेणीची संरक्षित वास्तू आहे आणि चर्च ऑफ इंग्लंडची आहे. अशा चर्चमध्ये दुरुस्तीला बिशपच्या प्रांताच्या न्यायव्यवस्थेकडून ‘फॅकल्टी’ नावाची परवानगी लागते, आणि दर पाच वर्षांनी जाणकाराकडून इमारतीची तपासणी होते.

१५. त्याच काळातल्या आपल्या देवळांशी तुलना करायची तर?

अंबरनाथचं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. सिन्नरचं गोंदेश्वर बाराव्या शतकातलं. म्हणजे काळ एकच. बांधणीत मूळ फरक आहे. आपली ही देवळं घडीव दगड चुन्याशिवाय एकमेकांत बसवून, थर पुढेपुढे सरकवत छत मिटवतात. किलपेकची भिंत दोन बाजूंनी घडीव दगड आणि मध्ये चुन्यात दगडगोट्यांची भर अशी आहे, आणि कमान पाचरीसारख्या दगडांची, लाकडी साच्यावर रचून मग साचा काढलेली. दाराकडे जास्तीत जास्त कोरीवकाम एकवटणं मात्र दोन्हीकडे सारखं आहे.

१६. शेजारचा उंचवटा कसला आहे?

किल्ल्याचा. चर्चच्या पश्चिमेला मातीचा भराव घालून केलेली टेकडी, तिच्यावर दगडी भिंतीचे दोन-तीन तुकडे उभे आहेत. चर्च, किल्ला आणि गाव एकाच जमीनदार घराण्याच्या हाताखाली होतं. इंग्लंडचा राजा जॉन इथे येऊन गेला होता. दान दिलेल्या चर्चमुळे ग्लॉस्टरच्या भिक्षूंचा छोटा मठही इथे होता, तो १४२८ मध्ये बंद झाला. टेकडीवर जरूर चढा. चर्चचे तीनही खण वरून एका नजरेत येतात.

१७. बघायला जायचं तर काय लक्षात ठेवावं? ख्रिश्चन नसलो तर चालतं का? चपला काढायच्या का?

चालतं. चपला काढायच्या नाहीत. पुरुषांनी टोपी काढायची. प्रार्थना चालू असेल तर संपेपर्यंत बाहेर थांबा, हे अजून वापरातलं गावचर्च आहे. तिकीट नाही, दानपेटीत काही टाका, कारण देखभाल त्यावरही चालते. हेरिफर्डपर्यंत रेल्वे आहे, पुढे ॲबरगॅव्हनीकडे जाणारा ए-४६५ रस्ता धरून गावाकडे वळायचं. स्वतःची गाडी किंवा टॅक्सी असेल तर सोपं.

दुर्बीण न्याच. कॉर्बेल उंचावर आहेत आणि मोबाईलच्या फोटोत नुसते ठिपके येतात. कॅमेरा असेल तर २०० मिलिमीटरच्या आसपासची लेन्स हवी. दक्षिणेच्या दाराला सकाळी किंवा दुपार कलल्यावर बाजूने उजेड पडतो तेव्हा कोरीवकामाला उठाव येतो. फ्लॅशने सगळं सपाट होतं. उत्तरेच्या बाजूला ऊन फारसं येत नाही, तिथे ढगाळ दिवस बरा. कोरीवकामाला हात लावू नका आणि कागद ठेवून ठसेही घेऊ नका.

१८. एकाच दिवसात याच घराण्याचं आणखी काय बघता येईल?

गाडी असेल तर अर्डिस्लीचं बाप्तिस्मापात्र पहिलं घ्या, त्यावर दोन सशस्त्र माणसांची झुंज आहे. कासल फ्रूमच्या पात्राखाली दबलेल्या आकृत्या आहेत आणि अंगावर ख्रिस्ताचा बाप्तिस्मा. ब्रिन्सपला घोड्यावरचा सेंट जॉर्ज, स्ट्रेटन शुगसला सिंहाशी झुंजणारा सॅमसन, रोलस्टनला दारावर सिंहासनस्थ ख्रिस्त. कासल फ्रूम काउंटीच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे आहे, म्हणून एका दिवसात सगळं कोंबू नका. रोलस्टन किलपेकच्या बाजूला पडतं, त्यामुळे वेळ कमी असेल तर ही दोन घ्यावीत, आणि रोलस्टनमध्ये आतल्या कमानीपाशी उलट्या कोरलेल्या आकृत्या शोधाव्यात.